पट्टा चढला की सही

गुरु. २७ सप्टें. १९५६
बदलीची यादी लागली. हिंदी टंकलेखिकांत माझं नाव चौथं. भोपाळ. पाच नोव्हेंबरला तिथे हजर व्हायचं आणि जायला तयार आहे असं २६ ऑक्टोबरच्या आत इथे लेखी द्यायचं. इथवर ठीक. खाली तळटीप: अविवाहित महिला कर्मचाऱ्यांनी पालकाची सहीनिशी संमती जोडावी. अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, आणि पालक!

बडे बाबू (इथून पुढे ब.बा., पूर्ण लिहायची इच्छा नाही) म्हणाले, "पिताजी के दस्तखत करा लाइए, बस. उसमें क्या है." जसं काही कोथिंबिरीची जुडी आणायला सांगतायत.

नाही दिलं तर जागा रद्द. एक नोव्हेंबरपासून मध्यभारतच राहणार नाही, अख्खं दफ्तर भोपाळला उठून चाललंय, मागे राहून टाइप करू कुणाचं? मग मी, नाना आणि कंपू मोहल्ल्यातलं हे दोन खोल्यांचं घर. आई गेल्यापासून घरातल्या दुपारी कशा असतात ते सुटीच्या दिवशी कळतं. रोज तशी दुपार आली तर मी वेडी होईन.

शुक्र. २८
नानांना सांगितलं. जेवण झालं. हात धुतले, सुपारी कातरली, मग: "भोपाळात आपलं कोण आहे?"
"कुणी नाही."
"एकटी जायचं नाही. मी येईन बरोबर."
मला वाटलं, सुटले! तेवढ्यात पुढचं आलं. रेल्वेने यायचं नाही. गाडीने यायचं. "गाडी भोपाळपर्यंत जाण्यालायक झाली की त्या दिवशी सही करतो. शब्द आहे."

गाडी म्हणजे आमच्या पत्र्याच्या शेडमधलं ते दैवत. नाना दरबारच्या मोटारखान्यात तीस वर्षं, शेवटी सुपरवायझर. राज्य विलीन झालं, जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा जिच्यावर सर्वांत जास्त हात फिरवला होता ती एक घरी आणली. आईपेक्षा तिची काळजी जास्त घेतली. हे आईच म्हणायची.

असो. गाडी तर चालतेय. आठवड्यात सही होईल.

रवि. ३०
झालं! चाचणी म्हणून गाडी पडावच्या पुलापर्यंत काढली. चढावर फटकन आवाज आणि पुढून वाफ. पंख्याचा पट्टा तुटला. त्याच एका रबरी पट्ट्यावर पंखा फिरतो, पाण्याचा पंप फिरतो, डायनॅमो फिरतो. तो गेला की पाणी उकळणार, बॅटरी उतरणार, भोपाळ तर सोडाच, गावातल्या बाड्याच्या चौकापर्यंतसुद्धा जाता येत नाही.

टांग्याला बांधून गाडी घरी आणली. पुढे घोडा, मागे मोटार, आत टोपी घालून नाना, ताठ. लोक दुकानातून उठून बघत होते. मी पायी मागून, पदर तोंडावर.

"उद्या दफ्तरातून येताना नवा पट्टा आणते," म्हटलं.
"श्राद्धपक्षात नवी वस्तू घरात? तुझ्या आईची तिथी आहे बुधवारी."
आईचं नाव काढलं की माझं तोंड बंद होतं, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे.

बुध. ३ ऑक्टो.
आईची तिथी झाली. खीर-वडे. नाना पानावर बसून म्हणाले, "तिला हे घर सोडवलं नसतं." आई जन्मभर म्हणायची या घरात हवा येत नाही. मी खीर वाढली.

शुक्र. ५
पक्ष संपला, घट बसले. आता नवी वस्तू चालते. दफ्तर सुटल्यावर तुटका पट्टा पिशवीत घालून सरळ पडाव. नूर मिस्त्रीचं दुकान. हा मोटारखान्यात नानांच्या हाताखाली होता, अजून उस्तादजी म्हणतो. तुटका पट्टा हातात फिरवून माझ्याकडे पाहत राहिला.
"उस्तादजी ने खुद मँगवाया है?"
"हाँ, क्यों?"
"नहीं, ऐसे ही." आणि आत जाऊन एक आणला. अगदी तसाच नाही, पण चालेल म्हणाला. घरी येऊन चढवून देऊ का विचारलं. नानांना विचारते म्हटलं. नानांचं उत्तर माहीत होतं तेच: बाजारात बसणाऱ्याने माझ्या गाडीला हात लावायचा नाही. नूर मिस्त्रीला काम शिकवलं कुणी? यांनीच!

रवि. ७
नानांनी पट्टा चढवून पाहिला. लांब. डायनॅमो बाहेर ओढून शेवटच्या टोकाला आणला तरी ढिला. "नापास." हात पुसत पुसत आत गेले. आणि गुणगुणत होते. पट्टा नापास झाला म्हणून गुणगुणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

बुध. १०
दुसरा आणला. आखूड. हा तर चढवूनही पाहिला नाही. जुन्याशेजारी धरला, "बोटभर कमी," आणि परत पिशवीत.
"नाना, नूर मिस्त्री म्हणतो झाशीहून मागवावा लागेल. पंधरा दिवस."
"मागव की. मी कुठे नको म्हणतोय."
पंधरा दिवस म्हणजे २५ तारीख. २६ शेवटची. यांना माझी तारीख माहीत आहे. कॅलेंडरवर मीच निळ्या शाईने गोल केलाय, रोज त्याच भिंतीला टेकून चहा पितात.
दफ्तरात पेट्या आल्या. रिकाम्या, देवदारच्या, प्रत्येकीवर नंबर. ब.बा. विचारतात, "हो गए दस्तखत?" म्हटलं, गाडी खराब आहे. ते बघतच राहिले. बरोबर आहे, मलाच ऐकून वेड्यासारखं वाटलं.

शनि. १३. खंडेनवमी
आज सगळं क्रमाने लिहिते.

दरवर्षीप्रमाणे नानांनी सकाळी शेडमध्ये पांढरं धोतर अंथरून हत्यारांची पूजा मांडली. पाने लहान-मोठ्या क्रमाने, पकड, हातोड्या, जॅक, हवा भरायचा पंप, गाडी सुरू करायचं हँडल. मोटारखान्याचा नेम: गाडीच्या सेवेतली एकही वस्तू आज देवीपुढे यायची राहता कामा नये, अगदी सुटा बोल्टसुद्धा. जी राहील ती वर्षभरात ऐन वेळी दगा देते. नाना हा नेम लहान मुलासारखा पाळतात.

मी आरतीचं तबक घेऊन गेले. जॅक आणि हँडल यांच्यामध्ये एक पट्टा. नवा कोरा. सुतळीने बांधलेला, वर चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी भुकटी, चिठ्ठीवर नानांच्या अक्षरात आमच्याच गाडीचा नंबर. त्यावर हळदकुंकू. वर झेंडूचं फूल.

आठ दिवस मी पडावला खेटे घालतेय. आणि हा घरात!

नाना घंटा वाजवत होते. माझ्याकडे पाहिलं, मी कुठे पाहतेय ते पाहिलं, घंटा थांबली. मग पुन्हा वाजायला लागली. दोघांनी आरती म्हटली, पूर्ण, मोठ्याने. प्रसाद घेतला.

नूर मिस्त्री का पाहत होता ते कळलं. मोटारखान्यात प्रत्येक गाडीमागे एक जादा पट्टा ठेवायचा नियम यांनीच घातलेला.

दुपारी भाजी चिरताना वाटलं: नाही मांडला असता तर मला जन्मात कळलं नसतं. लपवलेला होता, लपलेलाच राहिला असता. पण मुलीशी खोटं बोलवलं, देवीशी नाही बोलवलं. राग तर इतका आला की सुरी आपटली. आणि रागाच्या आत कुठेतरी अभिमानसुद्धा, तो का ते देवी जाणे.

आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्यापर्यंत पट्टाही आणि मीही अडकलेले.

रवि. १४. दसरा
सकाळची पूजा झाली, हत्यारं उचलायला मोकळी झाली. नानांचा जुना खाकी डगला साडीवर चढवला, पदर खोचला आणि पट्टा उचलला. फूल देव्हाऱ्यात ठेवलं. नाना शेडबाहेर खाटेवर, माझ्याकडे पाठ करून बसले. थांब म्हणाले नाहीत, कर म्हणाले नाहीत.

लहानपणी शंभरदा पाहिलंय. डायनॅमोचे बोल्ट ढिले केले, डायनॅमो इंजिनाकडे ढकलला. पट्टा खालच्या कप्पीत बसवला. पंख्याची पाती एक एक करून त्यातून काढली, साल काढताना मोसंबं फिरवतात तसा पंखा फिरवत. शेवटच्या कप्पीवर चढेना. कडेने उचकायला पेचकस घेतला.

"पेचकस नको!" पाठ तशीच. "कड फाटेल पट्ट्याची."
"तुम्हाला कसं दिसलं?"
"ऐकू आलं. डायनॅमो अजून आत जातो, ढकल."
ढकलला. बोटाने चढला.
"आता हातोडीचा दांडा घाल मागून आणि बाहेर रेट. अंगठ्याने दाबून बघ. किती दबतो?"
"पेराएवढा."
"तसाच धर. बोल्ट आवळ. वरचा आधी. अगं, वरचा!"

हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. पंखा फिरला, पट्टा एका रेषेत, आवाज नाही. मी ओरडलेच! अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय ते नंतर कळलं.

नाना उठून आले. माझ्याकडे नाही, पट्ट्याकडे पाहिलं, बराच वेळ. "सरळ बसलाय." मोटारखान्यात एवढं कुणाला म्हणाले असतील तर तो महिनाभर मिरवला असेल. संध्याकाळी सोनं दिलं, पाया पडले. डोक्यावरचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ होता.

सोम. १५
कागद पुढे ठेवला. पेन उघडून दिलं.
"नवा पट्टा ताणला जातो. आठ दिवस रोज चालवून बघू."
"शब्द दिला होतात. पट्टा चढला की सही."
"गाडी जाण्यालायक झाली की, म्हटलं होतं."
मग माझं तोंड सुटलं. पट्टा लपवलात, तेरा दिवस मला नाचवलंत, आईला मध्ये घातलंत. सगळं बोलले. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुसुम, इथे मला स्टेशनवरचा हमालसुद्धा उस्ताद म्हणतो. भोपाळात मी कोण? तुझ्या क्वार्टरच्या दारात बसलेला म्हातारा. आणि तू गेलीस तर इथे तरी कोण, तेही कळत नाही मला. भीती वाटते."
नाना आणि भीती. मी हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.
"आणि मी इथेच राहिले तर मी कोण?"
"माझी मुलगी."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. कागद टेबलावर तसाच.

रवि. २१
रोज सकाळी गाडी काढतात, बाड्याला फेरी, परत. रोज मी अंगठ्याने दाबून बघते. पेरभरच. ताणला नाही, सरकला नाही. आज म्हणाले रेडिएटरचं काही खरं नाही, शिवपुरीच्या घाटात त्रास देईल. म्हटलं, "दुर्बीण आणून देऊ का? अजून काही सापडेल." हसले! मलाही हसू आलं, आणि लगेच हसल्याचा राग.
पाच दिवस उरले.

बुध. २४
दफ्तरात आमच्या खोलीतल्या निम्म्या टेबलांवर आता काही नाही. टाइपरायटर गवतात गुंडाळून पेट्यांत. माझा अजून बाहेर आहे, ब.बा. म्हणतात तुमचं ठरलं की तो बांधू. मशीनचं माझ्यामुळे अडलंय.
रात्री नानांना एवढंच विचारलं, "करणार आहात का?" "बघू." मी भिंतीकडे तोंड करून पडले.

गुरु. २५
सही केली. नानांची. मी.
रद्दी कागदावर दहा-बारा वेळा गिरवली. त्यांची सगळी सरकारी पत्रं मीच लिहिते, खालची सही रोज डोळ्यांपुढे असते, तरी हात जड. मग खऱ्या कागदावर एकदा. ब.बा.नी पाहिलंसुद्धा नाही. "देखिए, इतनी सी बात थी." फाइलला लावली.
घरी आले तर नाना चहा करून बसलेले. आता माझ्याकडेही एक लपवलेला पट्टा आहे.

शुक्र. २६
साडेपाचला घरी. शेडवरून जाताना सहज गाडीच्या बॉनेटला हात लागला. गरम. नानांच्या अंगात कोट, खुंटीवर दरबारी टोपी.
"कुठे गेला होतात?"
"तुझ्या दफ्तरात. तू जेवायच्या सुट्टीत होतीस. तुझ्या बाबतीतला कागद देऊन आलो. लेखी. पोच घेतली."
"होकार की नकार?"
"सरकारी कागदाची घरात चर्चा करत नसतात."
तीस वर्षं कुठली गाडी कुठे जाणार हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. ती सवय. पण हा कागद माझा आहे हो! तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उठून तुळशीला पाणी घालायला गेले. संध्याकाळी, दिवेलागणीला. तुळशीला.

होकार असेल तर एका फाइलीत दोन सह्या, एकमेकींसारख्या नसलेल्या. नकार असेल तर मी खोटी सही करणारी. दोन्हीकडून मेले.

शनि. २७
दार उघडायच्या आधी दफ्तरात. हॉलभर खिळे ठोकायचा आवाज. ब.बा. घामाघूम.
"आपके पिताजी आए थे. बड़े सज्जन. कागज़ फाइल में लगा दिया."
"क्या लिखा था?"
"अब वो तो मोड़ी में था. हमारे बस का नहीं. वहाँ पढ़वा लेंगे किसी से."
मोडी. महत्त्वाचं ते नाना मोडीतच लिहितात. फाइल मागितली. बोटाने कोपऱ्यातली पेटी दाखवली. सतरा नंबर. झाकण ठोकलेलं, वर लाखेची मोहोर. भोपाळात पोचल्यावरच उघडणार. माझा टाइपरायटरही गेला.
म्हणजे भोपाळला जाता येतंय की नाही हे कळायला भोपाळला जायचं. हसावं की रडावं? मी पेटीवर टेकले आणि हसले. हमालाला वाटलं हिचं डोकं फिरलं.

गुरु. १ नोव्हें.
आजपासून मध्यभारत नाही. काल एका राज्यात झोपले, आज दुसऱ्यात उठले. अंथरूण तेच, गळका नळ तोच. सकाळी नाना पेपर घडी करून म्हणाले, "दुसऱ्यांदा." एवढंच. पहिल्यांदा मोटारखाना गेला होता. यांचं काय जातंय ते मला कळत नाही असं नाही. पण कळून माझं दार उघडत नाही ना.

शनि. ३ नोव्हें. पाडवा
उद्या निघायचं. ट्रंक भरली. नाना दुपारपासून शेडमध्ये. तेल, पाणी, हवा. कुणासाठी, किती लांबसाठी, काही सांगत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "शिवपुरीपर्यंत तरी मी येतो. पुढचं तिथे बघू." रेल्वेचं तिकीटही मी काढून ठेवलंय. त्यांना दाखवलं, ते टोपीखाली नीट ठेवलं त्यांनी, फाडलं नाही.

ओवाळून झाल्यावर पाटावरून उठायच्या आत सांगून टाकलं. "नाना, मी तुमची सही केली. तुम्ही कागद दिलात त्याच्या आदल्या दिवशी."
त्यांनी निरांजनाची वात सारखी केली. ओरडतील असं वाटलं. ओरडायला हवं होतं. तीस वर्षांत एका पान्याची खोटी नोंद न केलेला माणूस.
"जमली?"
"ब.बा.नी बघितलीच नाही."
"हं."
"तुमच्या कागदात काय आहे? आता तरी सांगा. मला तिथे उभं राहायचंय सगळ्यांपुढे."
मग, "भोपाळात त्या दफ्तरात मोडी वाचणारं कोण आहे?"
मी मनात मोजलं. आमच्या यादीतली सगळी नावं मोजली. मलाच नानांनी शिकवली होती, लहानपणी, पाटीवर.
"कुणी नाही. मी."
"मग बोलावतील तुला वाचायला," म्हणाले आणि पाट उचलून आत गेले.

तेव्हापासून इथेच बसून आहे. पेटी उघडेल, कोणीतरी साहेब तो कागद माझ्या हातात देईल आणि म्हणेल, पढ़िए. नानांनी नकार लिहिला असेल आणि समोर मला वाचायला लावलं, तर मी काय वाचेन? आणि होकार असेल, तर तो माझ्याच तोंडून ऐकवायचा होता म्हणून हे सगळं? बाहेर नाना हँडल मारतायत, गाडी सुरू झाली. त्यांचं अक्षर मी खरं वाचेन की नाही, मला अजून माहीत नाही.